आखातात आपला माणूस अटकेत गेला तर? पहिला फोन एजंटला नको, दूतावासाला करा

रात्री उशिरा दम्मामहून फोन येतो. फोनवर आपला मुलगा नसतो, त्याच्या खोलीतला साथीदार असतो. "भाईला पोलीस घेऊन गेले," एवढंच सांगून तो फोन ठेवतो. जळगाव, भुसावळ, चोपडा, धुळे, शिरपूर, दोंडाईचा... ज्या घरातून कुणी सौदी, दुबई किंवा कतारला कामाला गेलंय, त्या घराला या फोनची भीती नवी नाही.

पुढे काय होतं तेही आपल्याला माहीत आहे. अम्मी रडत बसते, अब्बा एजंटला फोन लावतात. एजंट म्हणतो, "पैसे लागतील, बघतो." मोहल्ल्यात वर्गणीची गोष्ट निघते. चार-पाच दिवस असेच जातात. आणि नेमके हेच दिवस सगळ्यात महत्त्वाचे असतात.

परदेशात पकडल्या गेलेल्या माणसाला काही हक्क आहेत. ते कुणाच्या मेहेरबानीवर नाहीत. देशादेशांनी आपसात केलेल्या करारांनी ते दिलेले आहेत. पण हे करार आपोआप चालत नाहीत, कुणीतरी ते मागावे लागतात.

१९६३ चा व्हिएन्ना करार

या कराराचं ३६ वं कलम लक्षात ठेवा. परदेशी माणसाला अटक केली, तर "तुझ्या देशाच्या दूतावासाला कळवायचा तुला हक्क आहे" हे त्याला विनाविलंब सांगणं तिथल्या पोलिसांवर बंधनकारक आहे. त्याने मागणी केली की दूतावासाला कळवावं लागतं. दूतावासाचा अधिकारी त्याला तुरुंगात भेटू शकतो, बोलू शकतो, पत्र पाठवू शकतो, वकिलाची व्यवस्था करू शकतो. भारत १९७७ पासून या करारात आहे. सौदी, युएई, कतार, कुवेत, ओमान, बहरीन हे देशही आहेत.

यात एक मेख आहे. कळवणं हे कैद्याने मागणी केल्यावर असतं. अनेक देशांत खासगी माहितीचे कायदे इतके कडक आहेत, की कैद्याची संमती नसेल तर तिथलं सरकार दूतावासाला त्याचं नावही देत नाही. घाबरलेला मुलगा गप्प राहिला, तर आपल्या सरकारला तो आत आहे हेच कळत नाही. म्हणून जाणाऱ्या प्रत्येकाने अरबीतलं एक वाक्य पाठ करून ठेवावं: "उरीद अल-इत्तिसाल बिस्सिफारा अल-हिंदिया." म्हणजे, मला भारतीय दूतावासाशी संपर्क करायचा आहे. आणि वाचता न येणाऱ्या अरबी कागदावर दुभाषा आल्याशिवाय सही करू नये.

या कलमाची ताकद: जाधव प्रकरण

हे कलम फक्त कागदावर आहे असं वाटत असेल, तर आपल्या महाराष्ट्रातल्याच एका माणसाचं प्रकरण बघा. नौदलाचे माजी अधिकारी कुलभूषण जाधव यांना पाकिस्तानने मार्च २०१६ मध्ये अटकेत घेतलं आणि एप्रिल २०१७ मध्ये तिथल्या लष्करी न्यायालयाने फाशी सुनावली. भारतीय अधिकाऱ्यांना त्यांची भेट दिली गेली नाही. भारत नेदरलँड्समधल्या हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, तो याच ३६ व्या कलमाच्या आधारावर.

१७ जुलै २०१९ ला निकाल लागला. अटकेनंतर भारताला कळवायला पाकिस्तानने सुमारे तीन आठवडे लावले. हे "विनाविलंब" नव्हे, असं न्यायालयाने म्हटलं. हेरगिरीचा आरोप असला तरी हा हक्क काढून घेता येत नाही, हेही स्पष्ट केलं. १५ न्यायाधीश एका बाजूला, एक विरोधात. निकाल वाचून दाखवणारे न्यायालयाचे अध्यक्ष अब्दुलकवी अहमद यूसुफ हे सोमालियाचे होते.

पण निकालात काय मिळालं नाही तेही समजून घ्या. सुटका मिळाली नाही. शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा आणि तोवर फाशी देऊ नका, एवढाच आदेश होता. शिवाय प्रत्येक केस हेगला जात नाही. ते दोन देशांनी त्या न्यायालयाचा अधिकार मान्य केलाय का, यावर असतं. तरीही अमळनेरचा ड्रायव्हर असो की नौदलाचा माजी अधिकारी, कलम दोघांना एकच आहे.

दूतावास काय करतो, काय करत नाही

परराष्ट्र मंत्रालयाने २०२५ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार परदेशी तुरुंगांत दहा हजारांवर भारतीय आहेत. त्यातले सौदी आणि युएईत प्रत्येकी अडीच हजारांहून जास्त. सगळेच गुन्हेगार असतात असं नाही. कुणाचा इकामा संपलेला असतो, कुणावर कफीलने पळून गेल्याची तक्रार म्हणजे "हुरूब" लावलेलं असतं, कुणी चेकच्या किंवा अपघाताच्या केसमध्ये अडकलेला असतो.

दूतावास भेट घेतो, केस कुठे आहे ते विचारतो, वकिलांची यादी देतो. घरची परिस्थिती खरंच हलाखीची असेल तर भारतीय समुदाय कल्याण निधीतून कायदेशीर मदत होऊ शकते. पण दूतावास तिथल्या न्यायाधीशाला हुकूम देऊ शकत नाही. खुनाच्या केसमध्ये मयताच्या वारसांनी दियत घेऊन माफ करायचं की नाही, हा त्या वारसांचा हक्क असतो. २०२४ मध्ये केरळच्या लोकांनी सौदीत अडकलेल्या एकासाठी सुमारे ३४ कोटी रुपये उभे केले, तेव्हाही आधी वारसांचा होकार लागला.

शिक्षा आपल्या देशात भोगता येते

हे फार थोड्या घरांना माहीत आहे. भारतात २००३ चा कैदी प्रत्यावर्तन कायदा आहे. तो १ जानेवारी २००४ पासून लागू झाला. त्याखाली सौदी, युएई, कतार, कुवेत, बहरीन यांच्यासह अनेक देशांशी करार झालेत. परदेशात शिक्षा झालेला भारतीय उरलेली शिक्षा भारतातल्या तुरुंगात भोगू शकतो. अटी साधारण अशा:

- शिक्षा अंतिम झालेली हवी. अपील किंवा दुसरी केस बाकी नको.
- फाशीची शिक्षा नको.
- साधारणपणे किमान सहा महिन्यांची शिक्षा उरलेली हवी.
- कैद्याची स्वतःची संमती आणि दोन्ही देशांचा होकार हवा.

इथे आल्यावर खटला नव्याने चालत नाही, शिक्षाही आपोआप माफ होत नाही. फरक एवढाच की बायको-मुलांना भेटता येतं. पण अंध अम्मी किंवा वयस्क अब्बांसाठी तो फरक लहान नसतो. अर्ज कैद्याने तुरुंगातून, दूतावासामार्फत करायचा. नंतर पडताळणी इथे आपल्या जिल्ह्यात होते, तेव्हा घरच्यांनी कागद तयार ठेवावेत.

घरच्यांनी काय करावं

१. जाण्याआधीच पासपोर्ट, व्हिसा, कामाचा करार, आणि तिथे पोचल्यावर इकाम्याची प्रत घरी ठेवा. कफीलचं किंवा कंपनीचं नाव, एजंटचा परवाना क्रमांक लिहून ठेवा. फक्त मोबाईलमध्ये नको, कागदावर.

२. फोन आला की त्याच दिवशी त्या देशातल्या भारतीय दूतावासाला कळवा आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या "मदद" पोर्टलवर तक्रार नोंदवा. घरचा माणूस ती नोंदवू शकतो. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा.

३. अर्ज लिहिता येत नसेल तर जळगाव किंवा धुळे जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्याने महिलांना उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदत मिळते. म्हणजे अटकेत असलेल्याची आई, बायको किंवा बहीण स्वतः जाऊ शकते. हेल्पलाईन १५१००.

४. "आतून सोडवून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. वकिलाची फी द्यायची असेल तर वकिलाचं नाव दूतावासाकडून तपासून घ्या आणि पावती मागा.

घरात कुणी येत्या महिन्यात जाणार असेल, तर आज संध्याकाळीच त्याच्यासोबत बसा. कागदांच्या झेरॉक्स काढा, दूतावासाचा नंबर त्याच्या पाकिटात ठेवा आणि ते अरबी वाक्य त्याच्याकडून दोनदा म्हणून घ्या.