क्रूझमधलं दगडी घर

मध्य फ्रान्समधला क्रूझ जिल्हा म्हणजे कुरणं, ओकची झाडं आणि माणसं कमी होत चाललेली खेडी. घरं इथे स्वस्त. सुट्टीत मुलं-नातवंडं एका छपराखाली जमावीत म्हणून इथे जुनं दगडी घर शोधणाऱ्यांत ब्रिटिश आणि डच कुटुंबं बरीच असतात.

पण खरा हिशेब किमतीच्या पुढे सुरू होतो. जुन्या घरावर नोटरीचा खर्च साधारण ७ ते ८ टक्के येतो; त्यातला मोठा भाग सरकारी कराचा. प्राथमिक करारानंतर खरेदीदाराला माघार घ्यायला १० दिवस मिळतात. विक्रेत्याला ही मुभा नाही, आणि ते योग्यच आहे. गावात सांडपाण्याची सार्वजनिक वाहिनी नसेल, तर सेप्टिक टँकचा तपासणी अहवाल बारकाईने वाचावा: टाकी नियमात बसत नसेल, तर वर्षभरात दुरुस्ती करून घेण्याची जबाबदारी नव्या मालकावर येते.

फ्रेंच वारसा कायद्यात मुलांचा हिस्सा राखीव असतो. एकच मूल असेल तर निम्मा, दोन असतील तर दोन तृतीयांश. त्यामुळे घर कोणाच्या नावावर घ्यायचं, हे सगळ्यांनी बसून आधीच ठरवलेलं बरं.

मालकी मिळाली म्हणून राहण्याचा परवाना मिळत नाही. ब्रेक्झिटनंतर ब्रिटिशांनाही व्हिसाविना १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं.

आणि सही करण्याआधी ते घर एकदा भर जानेवारीत पाहून यावं.