झाकणाबाहेरचं डोकं

नगरच्या रणगाडा संग्रहालयात फिरताना लोक तोफांच्या नळ्या पाहतात, पट्ट्यांवर हात फिरवतात. चालकाला बाहेरचं जग दिसायचं ती फट किती अरुंद असते, इकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. उघड्या मैदानात तेवढ्यावर भागतं. १९४४ साली मणिपूर-नागालँडच्या जंगलात मात्र या फटीपायी माणसं मेली.

जपान्यांविरुद्धच्या त्या लढाईत ब्रिटिश-भारतीय सैन्याचा मुख्य रणगाडा होता अमेरिकन बनावटीचा ‘ली’. ही घाईत जुळवलेली गाडी. ७५ मिलिमीटरची तोफ पेलणारा बुरूज तेव्हा अमेरिकेत तयार नव्हता, म्हणून ती पोटाच्या उजव्या अंगाला बसवली आणि वरच्या लहान बुरुजात ३७ मिलिमीटरची दुसरी ठेवली. वजन सत्तावीस टनांच्या आसपास, उंची दहा फुटांहून जास्त. मोठी तोफ डागायची तर आडोशामागून सगळं धूड पुढे काढावं लागे. आफ्रिकेच्या वाळवंटात ही खोड फार महागात पडली आणि चांगले रणगाडे येताच ‘ली’ मागे पडला. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपान्यांकडे रणगाडाभेदी तोफा कमी होत्या, समोर होते लाकूड-मातीचे बंकर. मोडीत निघालेल्या या गाडीला तिथे दुसरा जन्म मिळाला.

बंकर फोडण्याची एक रीतच बसली. आधी स्फोटक गोळ्यांनी समोरची झाडी उडवायची, म्हणजे बंकरचं तोंड दिसतं. मग उशिराने फुटणारे गोळे, ते मातीत घुसून ओंडके सैल करतात. पायदळ अगदी जवळ पोहोचलं की न फुटणारे भरीव गोळे, कारण कपच्या उडाल्या तर आपलीच माणसं जखमी व्हायची. शत्रूची मान खाली राहावी, एवढंच शेवटच्या त्या काही पावलांत हवं असे. हा हिशेब जमला नाही, तर रणगाडा पायदळाचाच वैरी.

या साऱ्याची परीक्षा झाली नुंगशिगुमवर. इंफाळच्या उत्तरेचा हा डोंगर मैदानापासून सुमारे हजार फूट उंच. जपानी त्याच्या माथ्यावर होते आणि तिथून खालचं मैदान त्यांच्या नजरेखाली होतं. रणगाडे इथे चढतील, हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं. १३ एप्रिल १९४४ रोजी विमानांनी आणि तोफांनी डोंगर भाजून काढला. मग दोन सोंडांवरून ‘थर्ड कॅराबिनियर्स’ या ब्रिटिश रेजिमेंटच्या बी स्क्वाड्रनचे ‘ली’ आणि त्यांच्यासोबत १७व्या डोगरा रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीच्या दोन कंपन्या वर निघाल्या. सह्याद्रीतली एखादी दांड चढलेल्याला ही वाट डोळ्यांपुढे आणता येईल. फक्त पाठीवरच्या पिशवीच्या जागी सत्तावीस टन लोखंड धरायचं.

माथ्याची धार इतकी चिंचोळी की चाक, म्हणजे पट्टा, हातभर चुकला तर गाडी घळीत. चालकाला फटीतून पुढचा उतार दिसेना. म्हणून प्रत्येक गाडीचा प्रमुख झाकण उघडून, डोकं बाहेर काढून वाट सांगत होता. जपानी नेमबाज आणि हातबाँब टाकणारे काही हातांच्या अंतरावर. स्क्वाड्रनचा प्रत्येक अधिकारी ठार किंवा जखमी झाला. डोगरांचेही अधिकारी पडले. तेव्हा रणगाड्यांची सूत्रं स्क्वाड्रन सार्जंट मेजर क्रॅडॉकने आणि पायदळाची सुभेदार रणबीर सिंग यांनी घेतली. दोघांनी मिळून पुन्हा चढाई केली, बंकरांच्या तोंडाशी गाड्या नेऊन तोफा डागल्या. त्याच दिवशी डोंगर हाती आला.

महिनाभराने, १३ मे रोजी, कोहिमातही रणगाड्यानेच कोंडी फोडली. डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याच्या टेनिस कोर्टावर दोन्ही सैन्यं हाकेच्या अंतरावर आठवडेच्या आठवडे अडकून पडली होती. अभियंत्यांनी उतार कापून वाट केली, एक ‘ली’ वरून थेट कोर्टावर उतरला आणि समोरचे बंकर जवळून फोडले. त्याच लढाईत उतारावर फसलेला दुसरा एक ‘ली’ कोहिमात आजही उभा आहे.

कॅराबिनियर्स पुढे १९७१ मध्ये ‘रॉयल स्कॉट्स ड्रॅगून गार्ड्स’मध्ये विलीन झाले. या नव्या रेजिमेंटच्या बी स्क्वाड्रनमध्ये नुंगशिगुम दिन पाळला जातो. त्या दिवशी संचलनात अधिकारी नसतात. हुकूम सार्जंट मेजर देतो.