आल्फ्रेडचा नवस आणि संजाणचा ताजिक

लंडनपाशी डेन सैन्यासमोर तळ ठोकून बसलेल्या सॅक्सन राजा आल्फ्रेडने एक नवस बोलला होता. तो फेडायला सिगेहेल्म आणि एथेलस्टन अशी दोन माणसे निघाली. राजाने कबूल केलेले दान त्यांनी रोमला पोचवले, आणि भारतात संत थॉमस व संत बार्थोलोम्यू यांच्याकडेही नेले, अशी नोंद ‘अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल’मध्ये इ.स. ८८३च्या खाली सापडते. नोंद एका वाक्यात आटोपते. बोटीचे नाव नाही, वाट नाही, परत आल्याचा उल्लेख नाही.

या वाक्याने मला कित्येक वर्षे पछाडले आहे, आणि त्याला कारण वेरूळ. आमच्या पुंडलिकनगरातून निघाले की वेरूळ तासा-दीड तासाच्या अंतरावर. कैलास लेणे ज्याच्या नावावर आहे तो राष्ट्रकूट कृष्ण पहिला ७५६च्या सुमारास गादीवर आला. त्याच्या पुढच्याच वर्षी, ७५७मध्ये, इंग्लंडच्या मध्यभागातल्या मर्सिया राज्यावर ऑफा बसला. या ऑफाचे एक सोन्याचे नाणे ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. खलिफा अल-मन्सूरच्या हिजरी १५७च्या दिनाराची ती हुबेहूब नक्कल. अरबी कलमा तसाच उतरवलेला आणि मध्ये ‘ऑफा रेक्स’ ही लॅटिन अक्षरे, अरबी मजकुराच्या मानाने उलटी. साचा कोरणाऱ्याला अरबी वाचता येत नव्हते हे उघड आहे, पण तो दिनार त्याच्या हातात पडला होता. इकडे डोंगर वरून खाली कोरला जात होता तेव्हा तिकडे बगदादचे सोने पोचत होते. मग शंभर वर्षांनी तिकडून कोणी इकडे निघाला, यात अशक्य ते काय?

अशक्य आहे असे मानणारे विद्वान कमी नाहीत, आणि त्यांचे म्हणणे वजनदार आहे. क्रॉनिकलची सर्वांत जुनी प्रत केंब्रिजला आहे आणि नेमक्या तिच्यातच हे दान नाही. ज्या प्रतींत आहे त्यांच्यातही एकमत नाही. काहींत ‘इंडिया’ आहे, तर दोन प्रतींत ‘युडिया’, म्हणजे जेरुसलेमचा मुलूख. हस्तलिखितात एन आणि यू या अक्षरांची गल्लत नेहमीचीच. शिवाय आल्फ्रेडचा चरित्रकार बिशप ॲसर राजाच्या पदरी होता, तो या दूतांबद्दल अवाक्षर काढत नाही. जेरुसलेमच्या पॅट्रिआर्क एलियासकडून राजाला आलेली पत्रे मात्र त्याला ठाऊक होती. एका सॅक्सन वैद्यकग्रंथात एलियासने आल्फ्रेडला कळवलेले औषधोपचारही उतरवलेले आहेत. तेव्हा दान जेरुसलेमलाच गेले, असे म्हणायला जागा आहे.

तरी मला ‘युडिया’ पटत नाही. दान कोणाला, तर थॉमसला आणि बार्थोलोम्यूला. आल्फ्रेडच्या काळातल्या जुन्या इंग्रजी हुतात्मा-चरित्रांत हे दोघेही भारतात गेलेले दाखवले आहेत. जेरुसलेमला दान पाठवणारा राजा नेमकी ही दोन नावे का घेईल? गावाचे नाव लेखनिकाच्या हातून चुकू शकते. देवाचे नाव नवस बोलणारा चुकत नाही.

बाराव्या शतकात विल्यम ऑफ माम्सबरी या इतिहासकाराने गोष्ट पुढे नेली. सिगेहेल्म हा शेरबर्नचा बिशप होता, तो भारतात सुखरूप पोचला, रत्ने आणि मसाले घेऊन परतला आणि त्यातली काही रत्ने चर्चमध्ये अजून दिसतात, असे तो लिहितो. यातली बिशपकी मी सोडून देतो. शेरबर्नचा सिगेहेल्म नावाचा बिशप दहाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातला आहे, आल्फ्रेडच्या काळातला नव्हे. विल्यमने एका नावाची दोन माणसे एकत्र केली. पण शेरबर्नला मसाल्यांची आठवण असणे नवे नाही. सातव्या शतकाच्या अखेरीस कोडी रचणारा आल्डहेल्म पुढे तिथलाच बिशप झाला, आणि त्याच्या लॅटिन कोड्यांपैकी एकाचे उत्तर मिरी हे आहे. ७३५ साली मरणशय्येवर असलेल्या बीड या इंग्रज भिक्षूने आपली पेटी उघडवून सोबतच्यांना जे वाटले, त्यातही मिरी होती. मिरी कुठून येते हे मात्र त्या लोकांना नीट ठाऊक नव्हते. ‘बेवुल्फ’ हे जुने इंग्रजी काव्य ज्या हस्तलिखितात आहे त्याच बाडात पूर्वेकडच्या नवलांचे एक पुस्तक बांधलेले आहे. मिरीच्या रानाची राखण साप करतात, त्यांना पळवायला लोक रान पेटवतात आणि म्हणून मिरी काळी, असे त्यात सांगितले आहे.

सापांच्या या देशाची दुसरी बाजू दाखवणारा एक ताम्रपट आपल्याकडे आहे, आणि तो सिगेहेल्मच्या प्रश्नाशी जोडून वाचावा असे मला कळकळीने वाटते.

८८३ साली दख्खनवर कृष्ण दुसरा राज्य करत होता. त्याचा बाप अमोघवर्ष. त्याचा संजाण ताम्रपट ८७१चा आहे, म्हणजे आल्फ्रेड गादीवर आला त्याच वर्षाचा. प्रजेवरचे अरिष्ट टळावे म्हणून अमोघवर्षाने आपल्या डाव्या हाताचे बोट महालक्ष्मीला वाहिले, असे त्या ताम्रपटात कोरले आहे. आल्फ्रेडचा नवस समजायला आपल्याला परकी पुस्तके उघडावी लागत नाहीत. अरब लेखकांना हे राष्ट्रकूट राजे ‘बल्हरा’ म्हणून माहीत होते. ८५१च्या एका अरबी वृत्तांतात जगातल्या चार थोर राजांत खलिफा, चीनचा सम्राट आणि रूमचा कैसर यांच्या जोडीला बल्हराचे नाव आहे, आणि अरबांशी त्याच्याइतके प्रेमाने कोणी वागत नाही अशी साक्षही आहे.

आता तो ताम्रपट. पालघर जिल्ह्यात डहाणूजवळच्या चिंचणीत तो मिळाला, आणि दिनेशचंद्र सरकारांनी तो वाचून प्रसिद्ध केला. शक ८४८, म्हणजे इ.स. ९२६चा लेख, राज्य कृष्णाचा नातू इंद्र तिसरा याचे. त्यात मधुमती नावाचा एक ताजिक आहे. ताजिक म्हणजे अरब, आणि मधुमती हे मुहंमदचे संस्कृत रूप. सुगतिप हे त्याचे दुसरे नाव. कृष्ण दुसऱ्याने त्याला संजाण मंडळाचा कारभार दिला होता. त्याने आसपासच्या बंदरांचे राजे जिंकून तिथे आपले अधिकारी बसवले, असे लेख म्हणतो. पण मला सर्वांत मोलाची वाटते ती पुढची माहिती. या अरब अधिकाऱ्याने नदी ओलांडायला फुकट तर चालवली आणि एक अन्नसत्र घातले. तिथे साळीचा भात, कालवण आणि तूप वाढले जाई. लेखाचा मुख्य विषय तर एका देवीच्या मठिकेसाठी दिलेले गाव आणि जमीन. अन्नैय नावाच्या माणसाने ती मठिका बांधली आणि मधुमतीच्या संमतीने दान झाले. अरब म्हणवला जाणारा मुसलमान, कन्नड-मराठी मुलखाच्या राजाच्या हुकमतीखाली, कोकणच्या बंदरात, देवीच्या दानाला मंजुरी देतो. आपल्या शाळेच्या इतिहासात याला चार ओळीही मिळत नाहीत, याचे मला मनापासून दुःख आहे.

अशा बंदरात सॅक्सन माणूस उतरला असता तर तो चमत्कारिक दिसला असता, परका वाटला नसता. खाली चौलला, म्हणजे अरबांच्या सैमूरला, अरब प्रवासी अल-मसूदी ९१६च्या सुमारास आला तेव्हा तिथे दहा हजारांच्या घरात मुसलमान राहत होते आणि त्यांचा न्यायनिवाडा करायला राजाने त्यांच्यातलाच प्रमुख नेमला होता. कान्हेरीच्या लेण्यात अमोघवर्षाच्याच काळात गौड देशाहून, म्हणजे बंगालकडून आलेल्या एका उपासकाने भिक्षूंसाठी द्रम्म ठेवल्याचा लेख आहे. लांबून येऊन धर्मस्थानी पैसे ठेवणे हा या किनाऱ्याचा रोजचा व्यवहार होता. आणि वाट? नवव्या शतकातला इब्न खुर्दाजबिह राधानी ज्यू व्यापाऱ्यांचा मार्ग सांगतो: फ्रँकांच्या देशातून समुद्राने इजिप्त, तांबड्या समुद्राच्या उत्तर टोकाशी कुल्झुम, तिथून सिंध, हिंद आणि चीन. रोमपर्यंत पोचलेल्या माणसाला ही साखळी पकडणे कठीण नव्हते.

थॉमससाठी निघालेले दान केरळात किंवा मैलापूरला जायचे, हे बहुतेक अभ्यासक गृहीत धरतात. कोल्लमच्या चर्चला ८४९ साली दिलेल्या तरिसापल्ली ताम्रपटांवर साक्षीदारांच्या सह्या अरबी, पहलवी आणि हिब्रू लिपीत आहेत, तेव्हा तिथल्या ख्रिस्ती वस्तीबद्दल शंका नाही. बार्थोलोम्यूच्या वाट्याचे काय, हे मात्र फार थोडे विचारतात. सहाव्या शतकात कॉस्मस या ग्रीक लेखकाने कल्याणला इराणहून नेमलेला बिशप असल्याचे लिहिले आहे. पेरुमालिल आणि जॉर्ज मोरायस या अभ्यासकांनी त्याच पट्ट्यात बार्थोलोम्यूचे कार्यक्षेत्र शोधले. त्यांचा पुरावा मला विरळ वाटतो. कॉस्मस आणि आल्फ्रेड यांच्यात तीन शतकांचे अंतर आहे, आणि कल्याणच्या जमिनीतून या वस्तीची खूण वर आलेली नाही. पण त्यांचा तर्क खरा असेल, तर आल्फ्रेडच्या दानाचा दुसरा हिस्सा उत्तर कोकणाच्या नावाने निघाला होता, आणि ८८३ साली तो किनारा कृष्ण दुसऱ्याच्या मांडलिक शिलाहारांकडे होता. सिगेहेल्मचा शोध आजवर लंडन, रोम आणि केरळ या तीन टोकांवरून घेतला गेला. चौथे टोक ठाणे, कल्याण, सोपारा, संजाण हे आहे. तिथले शिलाहार आणि राष्ट्रकूट लेख वाचू शकणारी माणसे आपल्याकडे आहेत, आणि हे काम आता मराठीतूनच व्हायला हवे.