सुतक दहा दिवसांचं, दुःख किती दिवसांचं?



मागच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला आणि एका सिनेमावरून आमच्या खाप्याच्या गटात चांगलीच चर्चा झाली. एक ताई म्हणाल्या, "त्यात काही घडतच नाही." दुसऱ्या म्हणाल्या, "असले विषय दाखवायचेच कशाला?" म्हणून आज त्याबद्दलच बोलू या.

सिनेमाचं नाव 'साबर बोंडं'. दिग्दर्शक रोहन परशुराम कानवडे. वडील गेल्यावर गावी काढलेल्या दिवसांतून त्यांना ही गोष्ट सुचली. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात, जागतिक कथापट विभागात तिला सर्वोच्च पारितोषिक मिळालं.

मुंबईच्या आनंदचे वडील वारतात. आईसोबत तो गावी येतो. दहा दिवस सुतक पाळायचं आणि त्यातच नातेवाईक विचारतात, "लग्न कधी?" आनंदला ओढ पुरुषाची आहे. ज्याच्यावर जीव लावला तो सोडून गेलेला. गावात लहानपणचा मित्र भेटतो, तो त्याच्यासाठी साबर बोंडं, म्हणजे निवडुंगाची फळं आणतो. वरून काटे, आत गोड गर.

सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. कॅमेरा बराच वेळ एकाच जागी थांबतो. मयतीच्या घरी आपण जाऊन बसतो, तेव्हा तरी कोण फार बोलतं? सिनेमाही तसाच सोबत बसतो.

आनंदची दुःखं दोन आहेत. वडिलांसाठी रीतभात आहे, रडायला माणसं आहेत. तुटलेल्या प्रेमाची तेरवी कोण करणार? त्याच्या आईला मात्र सगळं ठाऊक आहे आणि ती लोकांसमोर त्याची बाजू सांभाळते.

हे आपल्याही घरचं आहे. मुलगा लग्नाला नाही म्हणाला की आपण त्याच्या मागे लागतो. जबरदस्तीनं लग्न लावलं तर त्याच्यासोबत येणाऱ्या सुनेचंही आयुष्य नासतं. तीही कुणाची तरी लेकच ना? असं प्रेम हा आजार नाही. ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तो गुन्हाही नाही.

घरात कुणी गप्प गप्प राहत असेल, तर लग्नाचं नंतर विचारा. आधी जवळ बसा. मन फारच खचलं असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा मोफत सरकारी क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

बैठकीत 'कशाला दाखवायचं' म्हणणाऱ्या ताई शेवटी एवढंच म्हणाल्या, "आई अशी पाहिजे." आम्हालाही तेच वाटलं.