नव्या कन्सोलांचे आरंभीचे दारिद्र्य

सोनी कंपनीचे ‘प्लेस्टेशन ५’ हे यंत्र अमेरिका व जपान या देशांत १२ नोव्हेंबर २०२० रोजी विक्रीस निघाले. भारतात ते २ फेब्रुवारी २०२१ रोजी आले. तबकडी घालून चालणाऱ्या यंत्राची किंमत येथे ४९,९९० रुपये व बिनतबकडीच्या यंत्राची ३९,९९० रुपये ठेविली होती. आगाऊ नोंदणी सुरू होताच साठा संपला. पुण्यातील ज्या कुटुंबास यंत्र मिळाले, त्याने ते दूरचित्रवाणी संचाला जोडल्यावर पहिला प्रश्न उभा राही तो असा, की यावर खेळावयाचे काय?

उत्तर फारसे समाधानकारक नव्हते. ‘ॲस्ट्रोज प्लेरूम’ हा छोटा व मोठा मौजेचा खेळ यंत्रातच भरून दिलेला होता. ४,९९९ रुपये किंमतीचा ‘डेमन्स सोल्स’ देखणा खरा, परंतु तो २००९ मधील एका खेळाचे नवे रूप होता. ‘स्पायडरमॅन : माइल्स मोरालेस’ आणि ‘सॅकबॉय’ हे दोन्ही खेळ जुन्या प्लेस्टेशन ४ वरही चालत असत, त्यांच्यासाठी नवे यंत्र घेण्याची निकड नव्हती. ‘डिस्ट्रक्शन ऑलस्टार्स’ हा मोटारींच्या टकरींचा खेळ मूळच्या विक्रीबरोबरच यावयाचा होता. तो लांबला, आणि योगायोगाने भारतातील विक्रीच्याच दिवशी बाहेर पडला. मायक्रोसॉफ्टची स्थिती याहूनही अवघड होती. तिचे ‘एक्सबॉक्स सिरीज एक्स’ हे यंत्र १० नोव्हेंबर २०२० रोजी भारतातही आले. पण ज्या ‘हेलो इन्फिनिट’च्या आधारावर त्याची जाहिरात चालली होती, तो खेळ ऑगस्टमध्येच पुढे ढकलला गेला होता. तो अखेर ८ डिसेंबर २०२१ रोजी निघाला. यंत्र आले आणि त्याचा मुख्य खेळ तेरा महिन्यांनी आला, असा हा प्रकार होय.

या दारिद्र्याचा दोष केवळ व्यवस्थापनाच्या ढिलाईस देणे योग्य होणार नाही. त्याचे मूळ या व्यापाराच्या रचनेतच आहे. शिवणयंत्र घरी आणले म्हणजे कोणत्याही दुकानातील कापड त्यावर शिवता येते. कन्सोलचे तसे नाही. त्या यंत्राकरिताच रचलेला आणि यंत्र बनविणाऱ्या कंपनीने परवाना दिलेला खेळच त्यावर चालतो. कंपन्या यंत्र बहुधा उत्पादनखर्चाच्या आसपास, कित्येकदा तोटा सोसूनही विकतात आणि तो तोटा खेळांच्या विक्रीतून, तसेच इतर प्रकाशकांच्या उत्पन्नातील वाट्यातून भरून काढतात. म्हणजे खेळ हाच खरा माल होय.

आता प्रकाशकाच्या बाजूने विचार करावा. २०२० साली प्लेस्टेशन ४ या यंत्राची जगातील विक्री ११ कोटींच्या वर गेलेली होती. नव्या यंत्राची विक्रीच्या आदल्या दिवशी शून्य होती. कित्येक कोटी रुपये आणि तीनचार वर्षे खर्चून केलेला खेळ केवळ नव्या यंत्रासाठी काढणे म्हणजे गिऱ्हाईक नसलेल्या पेठेत दुकान मांडणे. तेव्हा शहाणा प्रकाशक खेळ दोन्ही यंत्रांवर चालेल असा रचतो. परंतु जुन्या यंत्राला पेलेल एवढाच त्याचा आवाका ठेवावा लागल्यामुळे नव्या यंत्राचे सामर्थ्य त्यात दिसत नाही, आणि ते दिसत नाही म्हणून ग्राहक नवे यंत्र घेत नाही. बीजांकुरन्यायाचे याहून चांगले उदाहरण व्यापारात क्वचितच सापडेल.

याशिवाय काळाची अडचण आहे. यंत्राचे अंतिम स्वरूप निश्चित होण्यापूर्वीच रचनाकारांस कामाला लागावे लागते, आणि त्यांच्या हाती येणारी प्रायोगिक यंत्रे मध्येच बदलत असतात. उलट विक्रीची तारीख ठरते ती पाश्चात्त्य देशांतील नाताळच्या खरेदीवरून. खेळ तयार झाले की नाही हा विचार दुय्यम ठरतो. सेगा कंपनीने १९९५ मध्ये याचा कळसच केला. तिचे ‘सॅटर्न’ हे यंत्र अमेरिकेत २ सप्टेंबरला यावयाचे म्हणून जाहीर झाले होते. ते प्रतिस्पर्ध्यावर कुरघोडी करण्यासाठी ११ मे रोजी अकस्मात दुकानांत ठेविले गेले. इतर प्रकाशकांचे खेळ सप्टेंबरच्या हिशेबाने चालले होते. त्यामुळे मिळविलेली आघाडी हाताशी पुरेसे खेळ नसल्याने वाया गेली, आणि त्याच सप्टेंबरात सोनीचे पहिले प्लेस्टेशन अमेरिकेत उतरले.

मग ‘पुरेसे’ खेळ म्हणजे किती? संख्येवर भिस्त ठेवणाऱ्याची येथे फसगत होते. निन्टेंडो कंपनीचे ‘फॅमिकॉम’ १५ जुलै १९८३ रोजी जपानात आले ते अवघ्या तीन खेळांसह, आणि तेही नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांवरून घेतलेले. त्याच कंपनीचे ‘निन्टेंडो ६४’ सप्टेंबर १९९६ मध्ये अमेरिकेत आले तेव्हा दोनच खेळ होते. परंतु त्यांतील एक ‘सुपर मारिओ ६४’ होता. त्रिमिती अवकाशात पात्राने कसे वावरावे, याचा वस्तुपाठच त्या खेळाने घालून दिला. याउलट सेगाचे ‘ड्रीमकास्ट’ सप्टेंबर १९९९ मध्ये अमेरिकेत सुमारे अठरा खेळांसह उतरले, त्यांतील काही उत्तमही होते. तरी २००१ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. (सेगाची खालावलेली आर्थिक स्थिती हेही त्याचे एक मोठे कारण होते, हे विसरता कामा नये.) निन्टेंडोचे ‘वी यू’ २०१२ च्या नोव्हेंबरात वीसहून अधिक खेळ घेऊन आले, परंतु त्यांतील बरेच अन्य यंत्रांवर आधीच विकले गेलेले होते. त्या यंत्राची एकूण विक्री १ कोटी ३५ लाखांच्या आसपास अडकली.

त्यानंतरचे ‘स्विच’ ३ मार्च २०१७ रोजी आले. त्याची यादी तोकडी होती. पण तीत ‘झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ होता. त्या महिन्यात अमेरिकेत ९,०६,००० यंत्रे विकली गेली आणि त्या यंत्रावरील या एकाच खेळाच्या ९,२५,००० हून अधिक प्रती. यंत्रापेक्षा खेळ अधिक विकला जावा, हे विलक्षणच म्हणावयाचे. आणि गंमत अशी, की हा खेळ मूळचा वी यूसाठी योजलेला. तो लांबत लांबत नव्या यंत्राच्या मुहूर्तावर येऊन पोहोचला आणि त्या दिवशी दोन्ही यंत्रांवर प्रसिद्ध झाला. स्विचच्या पहिल्या दिवसाची कीर्ती अशा रीतीने जुन्या यंत्राच्या पदरातून आली.

एक अपवाद मात्र नोंदविला पाहिजे. प्लेस्टेशन २ हे मार्च २००० मध्ये जपानात निघाले तेव्हा त्याचे खेळ बेताचेच होते. तथापि त्यावर चित्रपटांच्या डीव्हीडी पाहता येत आणि स्वतंत्र डीव्हीडी यंत्राच्या मानाने ते स्वस्त पडे. लोकांनी ते चित्रपटांसाठी घेतले आणि खेळ मागाहून आले. पुढे त्याची विक्री १५ कोटींपलीकडे गेली.

पुण्यातील ग्राहकास या आरंभीच्या दारिद्र्याचा अनुभव दीर्घकाळ आलाच नाही, कारण त्याच्यापर्यंत यंत्र पोहोचे तेच मुळी उशिरा. १९९० नंतरच्या दशकात येथील मध्यमवर्गीय घरांत जी यंत्रे शिरली ती बहुतेक फॅमिकॉमच्या नकला होत्या. मूळ यंत्र जपानात तीन खेळांनिशी जन्मले होते. त्याची नक्कल दहा वर्षांनी येथे आली तोवर ‘सुपर मारिओ’, ‘कॉन्ट्रा’ इत्यादी त्यावरील सर्वोत्तम कृती निर्माण होऊन गेल्या होत्या. मे महिन्याच्या सुटीत भाड्याने आणलेल्या वा शेजाऱ्याकडून मागून घेतलेल्या कॅसेटवर मुलांना एका पिढीचे निवडक वाङ्मयच जणू आयते मिळाले. त्या कॅसेटांच्या वेष्टनावर ‘९९९९९९ खेळ’ असा आकडा छापलेला असे आणि आत तेच दहावीस खेळ नाव बदलून पुन्हा पुन्हा येत. संख्या आणि गुण यांतील अंतर त्या मुलांना कोणी शिकवावे लागले नाही.

उशिरा येण्याचा हा लाभ ग्राहकाचा होता; आपल्याकडील विषयांवरील खेळांच्या बाबतीत तोच उशीर हानिकारक ठरला. प्लेस्टेशन २ साठी भारतात रचलेला ‘हनुमान : बॉय वॉरियर’ निघाला २००९ मध्ये, म्हणजे यंत्राच्या जन्मानंतर नऊ वर्षांनी आणि पुढील पिढीचे प्लेस्टेशन ३ जगात येऊन दोन वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर. खेळ म्हणूनही त्याची योग्यता सामान्यच होती. २०२० च्या हिवाळ्यात भारत जागतिक विक्रीच्या दिवशी अथवा त्याच्या निकट येऊन ठेपला, आणि त्याबरोबर पहिल्या ग्राहकाची रिकामी फळीही त्याच्या वाट्यास आली. फेब्रुवारी २०२१ मध्ये ज्याने प्लेस्टेशन ५ घेतले, त्यास केवळ त्या यंत्रासाठी रचलेल्या ‘रिटर्नल’साठी ३० एप्रिलपर्यंत आणि ‘रॅचेट अँड क्लँक : रिफ्ट अपार्ट’साठी ११ जूनपर्यंत थांबावे लागले.

याच सुमारास पुण्यातच घडलेली एक घटना या प्रश्नाची दुसरी बाजू दाखविते. अविचल सिंह, श्रुती घोष व इयन मॉड यांनी उभारलेल्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या येथील लहानशा संस्थेने ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ रचला. असुरांनी पळविलेल्या आपल्या धाकट्या भावाच्या शोधार्थ निघालेली एक मुलगी, तिला साहाय्य करणारी दुर्गा, राजस्थानी धाटणीचे किल्ले आणि छायाबाहुल्यांच्या रूपाने सांगितलेले कथाभाग असे त्याचे स्वरूप आहे. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभा करण्याचा संस्थेचा प्रयत्न फसला होता. तरी काम चालू राहिले आणि १८ ऑगस्ट २०२० रोजी खेळ प्रसिद्ध झाला तो प्रथम स्विचवर, म्हणजे साडेतीन वर्षांच्या जुन्या यंत्रावर. पुन्हा त्या वेळी निन्टेंडो हे यंत्र भारतात अधिकृतपणे विकतच नव्हती. व्यापाऱ्यांनी बाहेरून आणलेले यंत्र ज्याने घेतले असेल त्याची गोष्ट वेगळी. एरवी पुण्यात रचलेल्या खेळाचा पहिला प्रेक्षक परदेशातच असणार होता.

प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन आणि संगणक यांवर ‘राजी’ १५ ऑक्टोबर २०२० रोजी आला. नव्या यंत्रांच्या आगमनास महिनाही उरला नव्हता. तरी आला तो जुन्या यंत्रांवरच. लहान संस्थेस याहून वेगळे काही करणे कठीण होते. आरंभीच्या यादीत बसावयाचे तर प्रायोगिक यंत्र आधी हाती हवे, कंपनीशी निकटचा संबंध हवा आणि ग्राहक जमेपर्यंत दम धरण्याइतके भांडवल हवे. म्हणूनच पहिल्या दिवसाची फळी बड्या घराण्यांची असते, आणि तीत जी विविधता उणी पडते ती यंत्राच्या तिसऱ्याचौथ्या वर्षी अशा लहान संस्थाच भरून काढतात. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील उत्कृष्ट खेळासाठी ज्या पाच कृतींची नावे पुढे आली, त्यांत ‘राजी’ होता.

येथे प्रभात फिल्म कंपनीची आठवण होणे स्वाभाविक आहे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत ‘आलम आरा’ झळकला. पुढील वर्षाच्या प्रारंभीच प्रभातने, तेव्हा ती कोल्हापुरात होती, ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट मराठीत व हिंदीत सादर केला. ध्वनिमुद्रणाची सामग्री पैसे मोजून विकत घेता येत होती. ती घेतल्यावर चित्रपट काढण्यास यंत्र बनविणाऱ्याची अनुज्ञा लागत नव्हती, किंवा तो चित्रपट एकाच कंपनीच्या प्रक्षेपकावर दाखविण्याची सक्ती नव्हती. कन्सोलच्या बाबतीत दोन्ही बंधने आहेत. त्यामुळे एका वर्षात स्वभाषेत उत्तर देण्याची जी मोकळीक प्रभातला होती, ती पुण्यातील आजच्या खेळरचनाकारास नाही. ‘राजी’तील पात्रे प्रथम इंग्रजीतच बोलली, हिंदी ध्वनिमुद्रण आले ते २०२२ मधील सुधारित आवृत्तीत.

अलीकडील एका सुधारणेने पहिल्या दिवसाची अडचण बरीच सौम्य केली आहे. पूर्वी यंत्र बदलले की पुष्कळदा जुने खेळ निरुपयोगी होत. प्लेस्टेशन ५ वर मात्र प्लेस्टेशन ४ चे जवळजवळ सर्व खेळ चालतात, आणि नव्या एक्सबॉक्सवर तर त्याआधीच्या पिढ्यांचेही अनेक. म्हणजे नवे यंत्र आता कोऱ्या फळीनिशी येत नाही. जुने भांडार बरोबर घेऊन येते. ज्या ग्राहकाने २ फेब्रुवारी २०२१ रोजी पुण्यात ते यंत्र सुरू केले आणि नव्या खेळांची तोकडी यादी पाहून जुन्या खेळांकडे मोर्चा वळविला, त्यास तेथे ‘राजी’ही मिळत होता.