साधनाचे वर्णन आणि वर्णनकर्त्याची जबाबदारी



एका शिक्षकाच्या स्मरणार्थ होणाऱ्या व्याख्यानात लेखनाचा विषय निघावा, हे उचितच होय. मी मात्र आज एका निराळ्या वाचकासाठी करावयाच्या लेखनाविषयी बोलणार आहे. हा वाचक म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा एजंट.

एजंट म्हणजे काय, ते प्रथम पाहू. केवळ प्रश्नाचे उत्तर देऊन न थांबता, आपल्या वतीने काम पार पाडणारी ती संगणकप्रणाली असते. दाखला शोधणे, अर्ज भरणे, पैसे पाठविणे अशा प्रत्येक कामासाठी तिच्या हाती वेगवेगळे छोटे कार्यक्रम दिलेले असतात. त्यांना 'साधने' म्हणतात. प्रत्येक साधनासोबत तीन गोष्टी लिहिलेल्या असतात : त्याचे नाव, त्याचे वर्णन आणि त्याला पुरवावयाची माहिती. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने जाहीर केलेल्या 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' या खुल्या संकेतातही हीच व्यवस्था आहे. साधनाच्या आत काय दडले आहे, हे एजंटाला सहसा दिसत नाही. तो वर्णन वाचतो आणि त्यावरूनच कोणते साधन उचलावे, हे ठरवितो. एजंटाच्या दृष्टीने वर्णन हेच साधन असते.

आपल्या परिसरातील एक उदाहरण घेऊ. पेडणे आणि डिचोली हे दोन्ही तालुके महाराष्ट्राच्या सीमेला लागून आहेत. अलीकडे जमिनीसाठी एक-चौदाचा उतारा लागतो, पलीकडे सात-बाराचा. आता समजा, कोणी एजंटाला सांगितले, "केरीतल्या माझ्या जमिनीचा उतारा काढ." साधनाचे वर्णन एवढेच आहे : 'जमिनीची माहिती देते.' ही माहिती कोणत्या राज्यातील? आणि केरी तरी कोणते? या नावाचे गाव पेडण्यात आहे, सत्तरीत आहे आणि फोंड्यातही आहे. गावचा माणूस अशा वेळी "कुठली केरी?" असे सहज विचारील. विचारावे असे सांगितलेले नसेल, तर एजंट मात्र तर्काने एक तालुका धरून पुढे जाण्याचा संभव असतो. तीच गोष्ट क्षेत्रफळाची. गोव्यात जमिनीचा व्यवहार चौरस मीटरमध्ये बोलला जातो, सिंधुदुर्गात गुंठ्यांमध्ये. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. एकक लिहिले नाही, तर हिशेब शंभरपटीने चुकतो, आणि तो कर्जाच्या अर्जात उतरला की भोगावे लागते शेतकऱ्याला.

तेच वर्णन असे लिहिता येईल : 'गोवा राज्यातील एका भूखंडाचा एक-चौदाचा उतारा वाचून देते. तालुका, गाव, सर्व्हे क्रमांक आणि उपविभाग क्रमांक आवश्यक. तालुका सांगितलेला नसल्यास तर्क न करता विचारावा. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये मिळते. महाराष्ट्रातील सात-बारासाठी हे साधन वापरू नये. नोंदीत कोणताही बदल होत नाही. उतारा न सापडल्यास तसे कळविते. जमीन नाही, असा त्याचा अर्थ घेऊ नये.'

यात अलंकार एकही नाही. परंतु साधन काय करते, काय करीत नाही, कोणती माहिती मागते आणि अपयश आल्यास काय समजावे, या चारही गोष्टी आहेत. यांपैकी 'काय करीत नाही' हे सांगण्याचेच आपण बहुधा विसरतो, कारण जाणत्याला ते सांगण्याजोगे वाटत नाही. शापोरा आणि तेरेखोल नद्यांच्या काठची खाजन शेती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मानस ठाऊक आहे. तिचे दार ओहोटीला उघडून शेतातील पाणी बाहेर सोडते आणि भरतीला मिटून खारे पाणी अडविते. नवख्या गड्याला 'पाणी काढायचे तर दार उघड' एवढेच सांगितले आणि भरतीची गोष्ट सांगितली नाही, तर सांगितलेले खोटे नसते. तरीही भातशेती खाऱ्या पाण्याखाली जाते. अपुरे वर्णन असत्याइतकेच हानिकारक ठरू शकते, ते असे.

म्हणून जे काम मागे घेता येत नाही, म्हणजे पैसे पाठविणे, नोंद पुसणे, अर्ज दाखल करणे, त्याचे साधन वेगळे ठेवावे आणि 'माणसाची संमती घेतल्याविना वापरू नये' असे त्यात स्पष्ट लिहावे. मात्र केवळ लिहिण्यावर विसंबू नये; संमतीची अट कार्यक्रमाच्या रचनेतच असावी. दोन साधने एकमेकांसारखी असतील, तर त्यांतील भेद दोहोंच्या वर्णनात सांगावा. शेवटी, लोक प्रत्यक्षात विचारतात तसे अर्धवट, बोलीतले प्रश्न एजंटापुढे ठेवून पाहावे; तो जेथे अडखळेल, तेथे वर्णन सुधारावे.

मित्रहो, हे काम केवळ संगणकतज्ज्ञांचे नाही. केरी नावाची गावे किती आणि मानशीचे दार केव्हा उघडू नये, हे तज्ज्ञाला दूरच्या शहरात बसून कळणार नाही. ते तुम्हांला ठाऊक आहे. महसूल कार्यालयात, सहकारी संस्थेत, पंचायतीत काम करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांपुढे उद्या अशी वर्णने तपासण्यासाठी येतील. तेव्हा, या गावची काहीच माहिती नसलेल्या माणसाला हे वाचून काम बिनचूक करता येईल काय, एवढाच प्रश्न त्यांनी विचारावा. उत्तर 'नाही' असेल, तर सही करण्यापूर्वी ते वर्णन परत पाठवावे, ही माझी विनंती आहे.