कापसाचे ढग

भूगोलाच्या पुस्तकांतील ढगांचीं नांवें परीक्षेपुरतीं पाठ करणारे विद्यार्थी पुष्कळ. परंतु खिडकीबाहेरचा ढग कोणत्या जातीचा, असें विचारितांच तेच एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. हा अनुभव आल्यावर आम्हीं पुस्तकें मिटून ठेवविलीं आणि वर्गांत निळा कागद, खळ व पिंजलेला कापूस आणविला.

ल्यूक हॉवर्ड नांवाच्या औषधें तयार करणाऱ्या इंग्रज गृहस्थानें इ. स. १८०२ मध्यें लंडन येथें व्याख्यान देऊन ढगांस लॅटिन नांवें दिलीं. सिरस म्हणजे केसांची बट, क्युम्युलस म्हणजे रास, स्ट्रॅटस म्हणजे थर. अर्थ कळला कीं बोटांस निराळें शिकवावें लागत नाहीं. कापसाचे तंतु ओढले कीं सिरस, गोळे रचिले कीं क्युम्युलस, चापट पसरला कीं स्ट्रॅटस. निंबस हा पावसाचा ढग; त्यास कोळशाची पूड लागते. (त्या दिवशीं कित्येकांचे सदरे काळे होऊन घरीं गेले, त्याबद्दल मातांनीं क्षमा करावी.)

क्युम्युलसचा तळ मात्र सपाट हवा. वर चढणारी हवा निवत जाते व ठराविक उंचीवर तिच्यांतील वाफेचे जलबिंदु होऊं लागतात. ती उंची आसपास बहुधा सारखीच असते, म्हणून तळ कापल्यासारखा दिसतो.

खरी मौज उंचीची. एका किलोमीटरास एक इंच असें प्रमाण आम्हीं धरिलें. कळसूबाईचें शिखर १,६४६ मीटर, म्हणजे कागदावर दीड इंचाहून किंचित् अधिक. सिरस सहा इंचांच्या वर. तेथें थंडी इतकी कीं ते ढग हिमकणांचेच असतात. गडगडाटी ढगाचा तळ इंचभर उंचीवर लागला. पण आपल्या प्रदेशांत त्याचा माथा १५ किलोमीटरांपर्यंत चढूं शकतो, आणि कागद तर बारा इंचांचा! "ढग लहान करूं का?" असें एका मुलीनें विचारिलें. आम्हीं नको म्हटलें. तिनें वर दुसरा कागद जोडिला व माथा लोहाराच्या ऐरणीसारखा पसरट केला.

चिकटविलेला कापूस हालत नाहीं, ही त्याची उणीव. म्हणून काचेच्या बरणींत ऊन पाणी घालून, विझत्या काडीचा धूर आंत सोडिला व तोंडावर बर्फाची ताटली ठेविली. धुराच्या कणांवर वाफ जमून बरणींत ढग उतरला. घरीं हा प्रयोग करितांना काडी वडील माणसांनींच ओढावी.

पुढें आषाढांत कागद घेऊन सर्व वर्ग पटांगणांत गेला. आकाश सरसकट करडें. कोणी स्ट्रॅटस म्हणे, कोणी निंबस. आम्हांसही निश्चय होईना. वाद चालला असतांच पाऊस आला.